मोडले म्हणजे विकले का?

मराठी घरात सोने सहसा विकत नाहीत, मोडतात. ही दोन क्रियापदे एकमेकांच्या शेजारी राहत असली तरी त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. ‘पाटल्या विकल्या’ असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. आजारपण, कर्ज, कोर्टकचेरी असे काहीतरी त्या वाक्याच्या मागे उभे असते. ‘पाटल्या मोडल्या’ म्हटले की पुढचा प्रश्न हसतमुखाने येतो : काय केलेत मग? कारण मोडणे हा घडवण्याचा पूर्वार्ध आहे. आजेसासूचे गोठ मोडून सासूच्या पाटल्या होतात, पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या होतात, बांगड्यांतून नातीचे मंगळसूत्र निघते. सोने तेच असते, फक्त हात बदलतात.

करकायद्याला मात्र ‘मोडणे’ हे क्रियापद ठाऊक नाही. त्याच्या शब्दकोशात दोनच शब्द आहेत, खरेदी आणि विक्री. तुम्ही काउंटरवर पाटल्या ठेवता आणि बांगड्या घेऊन बाहेर पडता तेव्हा तुमच्या मनात एकच गोष्ट घडलेली असते, ती म्हणजे घरचे सोने नव्या रूपात घरी आले. कायद्याच्या मते तेवढ्या वेळात दोन व्यवहार झाले. तुम्ही सराफाला जुना डाग विकलात आणि सराफाने तुम्हाला नवा डाग विकला. दुसऱ्या व्यवहारावर वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, आकारला जातो आणि तो नव्या दागिन्याच्या संपूर्ण किमतीवर असतो. तुम्ही खिशातून किती रोख काढलीत याच्याशी त्याचा संबंध नाही.

लग्नसराईत घरोघरी ज्या कुरबुरी होतात त्यांतल्या निम्म्या या एका गोष्टीवरून होतात. आमच्या इमारतीतली एक सून गेल्या वर्षी बिल घेऊन आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही बँकेतले, तुम्हाला आकडे कळतात. सोनं आमचंच दिलं, वर चार ग्रॅम घातलं, आणि कर मात्र चाळीस ग्रॅमवर लावलाय. फसवलं ना आम्हाला?” मी बिल पाहिले. फसवणूक नव्हती. कायद्याप्रमाणे ते बिल चोख होते. पण तिचा प्रश्नही चोख होता, आणि बिल बरोबर असल्याने प्रश्न चूक ठरत नाही. म्हणून हा लेख.

आकड्यांत सांगायचे तर

हिशेब सोपा व्हावा म्हणून बावीस कॅरट सोन्याचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरू. हा बाजारभाव नव्हे, गणिताच्या पुस्तकातला भाव समजावा. नव्या बांगड्या ४० ग्रॅमच्या आहेत. सोन्याची किंमत झाली ३,६०,००० रुपये. घडणावळ १० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. एकूण ३,९६,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे ११,८८० रुपये. बिल झाले ४,०७,८८० रुपयांचे.

आता जुन्या पाटल्या. वजनकाट्यावर त्याही ४० ग्रॅमच भरल्या. परंतु जुन्या दागिन्यात डाक असतो, आत लाख असते, शिवाय जुन्या सोनाराने बावीस कॅरट म्हणून दिलेले सोने प्रत्यक्षात वीस कॅरटच्या आसपास निघते. वितळवून, कस पाहून हिशेब झाला तो बावीस कॅरटच्या ३६ ग्रॅमचा. त्याचे ३,२४,००० रुपये. बिलातून ते वजा जाऊन तुम्हाला द्यायचे राहिले ८३,८८० रुपये. त्यांत कमी पडलेल्या चार ग्रॅमचे ३६,०००, घडणावळीचे ३६,००० आणि कराचे ११,८८०.

पहिल्या दोन रकमांबद्दल कुणाची तक्रार नसते. सोने घातले त्याचे पैसे, कारागिराने घडवले त्याचे पैसे. तक्रार तिसऱ्या रकमेबद्दल असते. घरात नव्याने आलेल्या वस्तूचे मोल, सोने आणि मजुरी मिळून, ७२,००० रुपये. तेवढ्यावरच ३ टक्के लावले असते तर कर झाला असता २,१६०. प्रत्यक्षात लागला ११,८८०. वरचे ९,७२० रुपये म्हणजे आपल्या या पुस्तकी भावाने एक ग्रॅमहून अधिक सोने. प्रत्येक पिढीत एकदा मोडायचे म्हटले तर प्रत्येक पिढीने एक ग्रॅम सोने सरकारच्या पदरात टाकायचे, तेही आपल्याच सोन्यावर!

कायदा असे का म्हणतो?

हे सराफाच्या लबाडीने होते असे समजू नये. जीएसटीच्या कायद्यात ‘पुरवठा’ या शब्दाच्या व्याख्येत विक्रीबरोबरच वस्तुविनिमय आणि अदलाबदल यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आणि मोबदला सगळा पैशात नसेल तर किंमत कशी धरायची यासाठी एक नियम आहे, सत्ताविसावा. त्या नियमात उदाहरण दिले आहे ते मोबाइलचे. जुना फोन देऊन नवा फोन २०,००० रुपयांना मिळाला आणि जुना न देता तो २४,००० रुपयांना मिळत असेल, तर नव्या फोनची किंमत २४,०००च धरायची. फोनच्या जागी पाटल्या ठेवा, आपले उत्तर मिळाले.

विक्रीकराच्या जुन्या जमान्यात हा प्रश्न इतका सरळ नव्हता. त्या कायद्यांत विक्रीची व्याख्या ‘रोख, उधारी किंवा अन्य मौल्यवान मोबदला’ अशी असे. १९५८च्या गॅनन डंकर्ले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विक्रीकरातली ‘विक्री’ ही वस्तुविक्री कायद्यातल्या अर्थानेच घ्यायची, आणि त्या १९३०च्या कायद्यात किंमत म्हणजे पैशातला मोबदला. पुढे १९६७ मध्ये देवीदास गोपाळकृष्ण खटल्यात न्यायालयाने ‘अन्य मौल्यवान मोबदला’ म्हणजेही रोख-उधारीसारखाच पैशाच्या स्वरूपातला मोबदला असा अर्थ लावला. म्हणजे वस्तूला वस्तू अशी निव्वळ अदलाबदल त्या काळी ‘विक्री’ या शब्दात सहजासहजी बसत नव्हती. अर्थात, सराफी पेढीवर जुन्या सोन्याची रुपयांत किंमत करून ती बिलातून वळती केली की ते दोन सौदेच होत. पण निदान शब्दाला धार होती, वकिलाला वाव होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि त्याने ‘अदलाबदल’ हा शब्द सरळ कायद्यातच घालून ती वाट बुजवली.

तेव्हाची एक गंमत वाचकांना आठवत असेल. नवा कर लागू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. १२ जुलै २०१७ रोजी महसूल सचिवांनी एका प्रशिक्षण कार्यक्रमात सांगितले की, गृहिणीने सराफाला जुने सोने विकले तर त्या खरेदीवरही सराफाला ३ टक्के कर भरावा लागेल. देशभर गलका झाला. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की, असा कर लागणार नाही. त्या खुलाशातले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुने दागिने विकणे हा काही त्या व्यक्तीचा धंदा नव्हे, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने पुरवठाच नव्हे. तात्पर्य, तुमच्या पाटल्या सराफाकडे जातात त्या वेळी सरकार म्हणते, बाई, तुम्ही व्यापारी नाही, तुम्हाला कर नाही. मात्र बांगड्या परत येतात तेव्हा तेच सरकार म्हणते, तुम्ही नवे गिऱ्हाईक आहात, पुरा कर द्या.

आणि इथेच या कराची खरी गोम आहे. जीएसटी आणताना आपल्याला सांगितले होते की, हा करावर कर नाही. प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळेल आणि कर फक्त वाढलेल्या मोलावर बसेल. व्यापाऱ्याला ती वजावट मिळते. गृहिणीला मिळत नाही, कारण ती नोंदणीकृत नाही. तिने दहा वर्षांपूर्वी पाटल्या घेताना त्या वेळचा मूल्यवर्धित कर भरला होता, तो त्या सोन्यात मुरला. पाटल्या वितळून बांगड्या झाल्या की त्याच सोन्यावर दुसऱ्यांदा कर, नातीच्या वेळी तिसऱ्यांदा. टीव्ही झिजतो, स्कूटर झिजते. त्यांच्यावर कर एकदाच बसतो आणि वस्तू संपते. सोने संपत नाही, म्हणून त्याच्यावरचा करही संपत नाही. न झिजणे हा सोन्याचा गुण. करखात्याने तो उत्पन्नाचा कायमचा स्रोत करून ठेवला.

उलट, कायद्यात एक तरतूद अशी आहे की जुन्या वस्तूंचा व्यापारी जुनी वस्तू मुळातले स्वरूप न बदलता विकत असेल आणि खरेदीवर कराची वजावट घेत नसेल, तर त्याला फक्त आपल्या नफ्यावर कर भरता येतो. कर्नाटकातल्या अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणाने २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका सराफी कंपनीच्या बाबतीत जुन्या दागिन्यांना ही सवलत लागू होते असे सांगितले. मात्र दागिना वितळवून त्याची लगड करायची नाही, ही अट. असा निर्णय त्या अर्जदारापुरता आणि त्याच्या अधिकाऱ्यापुरताच बंधनकारक असतो हे खरे. पण त्यातली विसंगती पाहा. माझ्या आईच्या पाटल्या सराफाने धुऊनपुसून कुणा तिऱ्हाईताला विकल्या तर कर फक्त त्याच्या नफ्यावर. त्याच पाटल्या वितळवून माझ्या मुलीसाठी बांगड्या केल्या तर कर सगळ्या सोन्यावर. तिऱ्हाईताला सवलत आणि पोटच्या पोरीला पुरा कर!

जुनी वाट

आमच्या लहानपणी सोनार ओटीवर येऊन बसे. शेगडी, फुंकणी, मूस, चिमटे अशी त्याची सगळी प्रपंचमांडणी आणि समोर आजी. आजीचे लक्ष पोथीपेक्षा जास्त त्या मुशीकडे असे. आपले सोने आपल्या डोळ्यांदेखत वितळायचे आणि त्याचाच डाग व्हायचा. सोनार घ्यायचा ती मजुरी, आणि घट म्हणून गुंज-दोन गुंजांवरून वाद व्हायचा तो वेगळा. तोळा तेव्हा खरा तोळा होता, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. आज दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीला हे कळले असते तर तिने पेढीची पायरी चढली नसती.

ती पद्धत मोडायला करकायद्याच्याही आधी सुवर्ण नियंत्रणाने सुरुवात केली. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या. १९६८ मध्ये त्या नियमांचा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडले. तोवर कारागीर गेला होता आणि पेढीचे शोरूम झाले होते. ओटीवरची मूस काचेच्या पडद्यामागे गेली.

पण कायद्याच्या दृष्टीने ती जुनी वाट अजून पुरती बंद नाही. आपले सोने कारागिराला देऊन त्याचाच दागिना घडवून घेतला तर तो मजुरीचा व्यवहार, सोन्याच्या विक्रीचा नव्हे. जुलै २०१७ मध्ये महसूल सचिवांनीच सांगितले होते की, जुना दागिना बदलासाठी दिला तर ते मजुरीचे काम आणि त्यावर ५ टक्के. दर जास्त, पण तो फक्त मजुरीवर. त्या हिशेबाने आपल्या उदाहरणात ३६,००० रुपये घडणावळीवर १,८०० आणि जादा चार ग्रॅमवर ३ टक्क्यांनी १,०८०, असा एकूण कर होतो २,८८० रुपये. बदलीच्या व्यवहारात तो होता ११,८८०. बरोबर नऊ हजारांचा फरक, म्हणजे एक ग्रॅम सोने. सोने तेच, वजन तेच, बांगड्या त्याच, ल्यायचे हात तेच. फरक एवढाच की पहिल्या वाटेने सोने तुमचे राहिले आणि दुसऱ्या वाटेने ते क्षणभर सराफाचे झाले. त्या एका क्षणाची किंमत नऊ हजार!

मग सगळे त्याच वाटेने का जात नाहीत? कारण वेळ नाही, विश्वासाचा कारागीर नाही आणि शोरूममध्ये तयार दागिना झगझगत समोर असतो. शिवाय सोने हातचे सोडल्यावर ते तेच परत आले की दुसरे, याची खात्री कोण देणार? ही वाट धरायची असेल तर वजन, कस आणि मजुरी लिहिलेली सही-शिक्क्याची पावती हवी. ‘आपल्या ओळखीचा आहे’ ही पावती नव्हे.

फरकावरच कर, म्हणे

काही दुकानांत ‘जुन्या सोन्यावर जीएसटी नाही, फक्त फरकावर’ असे आमिष दाखवतात. त्याला भुलण्याआधी विचारावे की उरलेले ९,७२० रुपये कोण भरणार आहे? सराफ स्वतःच्या नफ्यातून सूट देत असेल तर तसे बिलावर लिहून द्यायला त्याची हरकत नसावी. पण बहुधा ती रक्कम जुन्या सोन्याच्या भावात, घटीच्या टक्क्यात किंवा घडणावळीत गुपचूप वसूल झालेली असते. नाहीतर बिलच कच्चे असते. कच्च्या बिलाने तीन टक्के वाचतात, आणि उद्या कॅरट कमी निघाला तर दाद मागायला कागद उरत नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही.

बँकेत असताना सोनेतारणाच्या खिडकीवर मी काही वर्षे काढली. रुमालात बांधलेली पुरचुंडी सोडताना बायकांचे हात कसे चालतात ते पाहिले आहे. मूल्यांकन करणारा सराफ कसोटीवर डाग घासायचा, आकडा सांगायचा, आणि दहांतल्या आठ जणी म्हणायच्या, “असं कसं? घेताना तर बावीस कॅरट सांगितलं होतं.” कागद कुणाकडेच नसायचा. आज त्या प्रश्नाला उत्तर आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. ही सक्ती सराफाच्या विक्रीवर आहे, तुमच्या घरातल्या जुन्या दागिन्यांवर नाही. हॉलमार्क नसलेले जुने सोने सराफ विकत घेऊ शकतो. आणि जुन्या डागाचा कस तुम्हाला स्वतःलाच भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रातून तपासून घेता येतो. पेढीवर जाण्याआधी हे केले तर चार ग्रॅमची तूट कुठून आली ते तरी कळते. तीन टक्के करावरून आपण जेवढे भांडतो त्याच्या निम्मे जरी घटीवरून भांडलो तरी जास्त वाचेल.

दुसरी गोष्ट, दोन कागद मागावेत. एक जुन्या सोन्याच्या खरेदीचा, त्यात ढोबळ वजन, निव्वळ वजन, कस आणि लावलेला भाव. दुसरा नव्या दागिन्याचा कर-बिलाचा. आणि दोन्हींवर नाव घालावे ते जिचे सोने आहे तिचे. आपल्याकडे पाटल्या बायकोच्या आणि बिल नवऱ्याच्या नावाने, हा शिरस्ता आहे. स्त्रीधन हे तिचे एकटीचे, नवऱ्याकडे ते असले तर विश्वस्त म्हणून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. पण पाटल्या वितळल्या की साक्षीदारही वितळतो. मग उरते फक्त बिल, आणि बिलावर तिचे नाव नसते. ‘मोडणे’ या प्रेमळ शब्दाच्या आडून कित्येक घरांत बाईचे सोने पुरुषाचे झाले आहे. करापेक्षा हा तोटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. आयकर कायद्यातही ‘हस्तांतर’ या शब्दात अदलाबदल येते आणि दागिने ही भांडवली मालमत्ता आहे. म्हणजे हातात एक रुपयाही न पडता भांडवली नफा होऊ शकतो. जुन्या सोन्यासाठी १ एप्रिल २००१ची बाजारभावाने किंमत धरता येते. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्याही आत होता. आपल्या उदाहरणातल्या पाटल्यांची तेव्हाची किंमत पंधरा हजारांच्या आसपास, आजची ३,२४,०००. नफा तीन लाखांच्या वर. २३ जुलै २०२४ पासून अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के दर झाला, महागाई-निर्देशांकाची वजावटही गेली. त्या दराने हा कर साडेअडतीस हजारांच्या घरात जातो. दुसरे उत्पन्न नसलेल्या गृहिणीला करमुक्त मर्यादेचा आधार मिळू शकतो. कागद तिच्या नावाने असण्याचा हाही एक फायदा.

सरकारची बाजू, आणि आपली

सरकारची बाजू अगदीच लंगडी आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या सोन्याची वजावट दिली तर उद्या प्रत्येक बिलावर कुणा काल्पनिक आजीच्या पाटल्या उगवतील. चोरट्या वाटेने आलेले सोने ‘जुने’ म्हणून खपवले जाईल. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जिथे सवलत असते तिथे बनावट कागद असतोच.

पण याला उपाय नाही असे नाही. नव्या दागिन्यांवर आता क्रमांक आहे. दहा वर्षांनी तो दागिना मोडायला आला की क्रमांकावरून तो कुठला, किती कसाचा हे कळेल. क्रमांक असलेला डाग, मालकिणीचा पॅन, आणि मूळ कर भरल्याचे बिल, या तिन्हींची सांगड बसली तर वजावट द्यायला काय हरकत आहे? जुन्या, बिनक्रमांकाच्या सोन्यासाठी मर्यादा हवी असेल तर तीही तयार आहे. ११ मे १९९४ रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली की, आयकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. (ही सोने बाळगण्याची मर्यादा नव्हे, जप्तीतून सूट आहे.) म्हणजे एवढे सोने मध्यमवर्गीय घरात असणे स्वाभाविक आहे, हे सरकारने तीस वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. जे जप्तीतून वगळता येते ते आयुष्यात एकदा, मुलीच्या किंवा सुनेच्या लग्नाच्या निमित्ताने, करातून वगळता येणार नाही?

आणखी एक विचार. आपला देश सोन्याच्या गरजेसाठी मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे आणि त्यासाठी परकी चलन जाते, म्हणून प्रत्येक अर्थमंत्री कपाळाला हात लावतो. घरातले सोने बाहेर यावे म्हणून नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण ठेव योजना थाटात सुरू झाली. तिच्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च २०२५ मध्ये बंद कराव्या लागल्या. बायकांनी पाटल्या बँकेत ठेव म्हणून वितळवायला दिल्या नाहीत, यात मला तरी नवल वाटले नाही. पण त्याच बायका लग्नकार्यात आपणहून जुने सोने पेढीवर नेतात, वितळवू देतात आणि तेवढे नवे सोने आयात होण्याचे वाचवतात. जी गोष्ट सरकारी योजनेला साधली नाही ती कपाटातली पुरचुंडी दर लग्नसराईत करते आहे. तिला बक्षीस नको. निदान दंड तरी नको.

तीन टक्के म्हणजे काय मोठेसे, असे म्हणणारे भेटतात. ज्याला नव्या पैशाने सोने घ्यायचे आहे त्याला ते मोठे नाहीच. पण सोने मोडायला कोण जाते? ज्याच्याकडे नवा पैसा नाही तो. मुलीच्या अंगावर चार डाग घालायचे आहेत आणि ते आईच्या अंगावरून उतरवल्याशिवाय जमत नाही, ती आई. त्या घरात नऊ-दहा हजार म्हणजे एका पंगतीचा खर्च. श्रीमंत माणूस सोने ‘घेतो’ आणि मध्यमवर्गीय सोने ‘मोडतो’. दोघांवर सारख्याच टक्क्याने कर बसवणे हे कागदावर समान दिसते, पण न्याय्य नाही.

कायदेमंडळात बसलेल्यांच्या घरीही पाटल्या आहेत आणि कधी ना कधी त्या मोडल्या गेल्या आहेत. त्यांनी एवढेच करावे : घरचे सोने देऊन नवे घेणाऱ्या बाईकडून जादा सोन्यावर आणि घडणावळीवर कर घ्यावा, खुशाल घ्यावा. उरलेल्या सोन्यावर तिच्या सासूने, आईने कर भरून झालेला आहे. तो पुन्हा मागू नये.